बी+ शोधला की शून्य, बी- शोधला की सापडतो: लिंकमधली अक्षरं तपासायची कशी?

टंकवाली कऱ्हाड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे. पण तुकड्यातुकड्यात विचारला तर "आधी सगळं नीट सांगा" असंच म्हणाल, म्हणून एकदमच लिहिते.

मी मुळात डीटीपीवाली. अठरा वर्षं लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं आणि निवडणुकीची पत्रकं जुळवली. दोन वर्षांपासून एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. कोड लिहिता येत नाही, वाचायला लावलं तर अडखळत वाचते. अक्षर चुकलेलं मात्र मला चार फुटांवरून दिसतं, आणि त्याच जोरावर ही नोकरी टिकली आहे.

सध्या रक्तदात्यांच्या यादीचं काम चालू आहे. रक्तगट निवडायचा, गाव टाकायचं, की दात्यांची नावं येतात. खाली "व्हॉट्सॲपवर पाठवा" असं बटण आहे. ते दाबलं की त्या शोधाची लिंक मेसेजमध्ये जाते, समोरच्याने उघडली की त्याला तीच यादी दिसायला हवी.

भानगड पहिली. साइटवर बी+ आणि कऱ्हाड टाकलं की यादी येते. तीच लिंक व्हॉट्सॲपवरून उघडली की "एकही दाता नाही". बी- ची लिंक पाठवली तर बरोबर उघडते. मी आठही गट करून पाहिले. चारही निगेटिव्ह चालतात, चारही पॉझिटिव्ह मरतात. म्हणजे जे गट आपल्याकडे सर्वांत जास्त सापडतात, बी+ आणि ओ+, तेच नेमके सापडत नाहीत.

आमच्या डेव्हलपरला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, मी एन्कोडयूआरआयकंपोनंट लावलंय, टेस्टपण आहे." (म्हणजे लिंकमध्ये न चालणाऱ्या अक्षरांच्या जागी % आणि त्यापुढे दोन अक्षरी आकडा घालायचा. त्याला एन्कोड म्हणतात, उलट करण्याला डीकोड.) टेस्ट दाखवली. बी+ एन्कोड करायचा, परत डीकोड करायचा, बी+ च आला तर पास. हिरवी आहे. मग त्याने सर्व्हरवर एक ओळ टाकली: आलेल्या मजकुरात जिथे स्पेस असेल तिथे + घाला. बी+ चालायला लागला. दुसऱ्या दिवशी मी रेठरे बुद्रुक शोधलं, तर शून्य. त्याच्या ओळीने त्याचं "रेठरे+बुद्रुक" केलं होतं. वडगाव हवेलीही गेलं. बुद्रुक-खुर्दवाली सगळी गावं एका रात्रीत तालुक्यातून गायब. ती ओळ मी काढायला लावली. तेव्हापासून आमचं बोलणं जरा कमी आहे.

भानगड दुसरी, आणि ही मला जास्त छळतेय. गावांच्या यादीतून "कऱ्हाड" निवडलं की एक निकाल येतो, तेच हाताने टाइप केलं की दुसरा. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब तेच. मी मोठे करून, एकावर एक ठेवून पाहिले, रेषेचाही फरक नाही. मग सर्व्हरच्या लॉगमधून दोन्ही लिंका काढल्या आणि गाव= च्या पुढचा भाग मोजला. एक चोपन्न अक्षरांचा, दुसरा त्रेसष्ट. दोनदा मोजला.

आणि हो, एक निरीक्षण. कशाला लागू आहे माहीत नाही, पण सांगून ठेवते. मराठी विकिपीडियावरून लिंक कॉपी करून मेसेजमध्ये टाकली की टक्केच टक्के दिसतात. आमच्या बटणाने गेलेली लिंक मात्र मेसेजमध्ये छान मराठीत, "गाव=कऱ्हाड" अशी दिसते. साहेबांना ते फार आवडलं होतं.

विचारायचं एवढंच: या प्रकाराची तपासणी करायची तर माझ्या एक्सेलच्या तक्त्यात नेमकं काय लिहू? कोणती अक्षरं घेऊ? उत्तर बरोबर आलं हे कशावरून ठरवू?

(लिंकमध्ये % च्या पुढे येणाऱ्या हेक्स आकड्यांमधले ए ते एफ आणि अंक मी इथे देवनागरीतच लिहितेय. मूळ लिंकमध्ये ते रोमन आहेत असं समजा.)

घाटमाथा

ताई, तुम्ही "कशाला लागू आहे माहीत नाही" म्हणून जे शेवटी लिहिलंत, तिथेच पहिल्या भानगडीचं उत्तर आहे.

व्हॉट्सॲपच्या बटणाची लिंक डब्ल्यूए डॉट एमई अशी सुरू होते आणि मेसेजचा मजकूर तिच्या टेक्स्ट= या भागात जातो. म्हणजे तुमची यादीची लिंक दुसऱ्या एका लिंकच्या पोटात बसून प्रवास करते. तुमच्या डेव्हलपरने आतली लिंक नीट बनवली, गट=बी%२बी. त्याचं ते बरोबरच आहे. पण ती बाहेरच्या लिंकमध्ये भरताना पुन्हा एन्कोड केली नाही. व्हॉट्सॲपने टेक्स्ट= उलगडताना सगळे टक्के उलगडले. कऱ्हाडचे टक्के गेले म्हणून मेसेजमध्ये मराठी दिसलं, साहेब खूश. त्याच वेळी %२बी चा उघडा + झाला. तो + क्वेरीत, म्हणजे लिंकमधल्या प्रश्नचिन्हाच्या पुढच्या भागात, सर्व्हरकडे गेला की सर्व्हर त्याला स्पेस समजतो. शोध झाला "बी" आणि पुढे एक मोकळी जागा. असा रक्तगट कुणाचाच नाही. वजाचं चिन्ह एन्कोड करावंच लागत नाही, म्हणून निगेटिव्ह गट वाचले.

मला एकच शंका होती: मग & पाशी लिंक तुटायला हवी होती, कारण उघडा & दिसला की टेक्स्ट= तिथेच संपतं. माझा अंदाज, त्याने & च्या जागी हाताने %२६ लिहिलं असणार. विचारा त्याला. % चं %२५ करायचं तेवढं राहिलं.

बाहेरच्या लिंकमध्ये बी%२५२बी असं दिसलं पाहिजे. हे बघून लोक दचकतात, "दोनदा एन्कोड झालं" म्हणून काढून टाकतात. ते तसंच असायला हवं. कऱ्हाडचे चोपन्न तिथे नव्वद व्हायला हवेत, कारण प्रत्येक % च्या जागी तीन अक्षरं येतात. मोजायची तुम्हाला सवय आहेच. & मात्र एकदाच, %२६, कारण आतल्या लिंकचा तो खरोखरचा दुभाजक आहे.

+ म्हणजे स्पेस ही भानगड एचटीएमएलच्या फॉर्मची. १९९५ च्या एचटीएमएल २.० च्या दस्तऐवजात, आरएफसी १८६६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद), फॉर्म पाठवताना स्पेसचा + करा असं लिहिलंय आणि ते अजून चिकटलेलं आहे. लिंकांचा आजचा मूळ नियम म्हणजे २००५ चा आरएफसी ३९८६. त्यात + ला असा काही अर्थ नाही. म्हणून प्रश्नचिन्हाच्या अलीकडे + हा + च राहतो आणि पलीकडे त्याची स्पेस होते. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत अनकोट हे फंक्शन + ला हात लावत नाही, अनकोट-प्लस त्याची स्पेस करतं. पीएचपीत रॉयूआरएलडीकोड आणि यूआरएलडीकोड यांच्यात तोच फरक. जावाचा यूआरएलडीकोडर नावाने सगळ्या लिंकांचा वाटतो, पण तो फॉर्मवालाच आहे. पाथवर, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या अलीकडच्या भागावर, लावला की खरे + खातो.

आता तुमच्या डेव्हलपरची हिरवी टेस्ट. एन्कोड करून डीकोड केलं आणि तेच परत आलं, यातून फार काही कळत नाही. समजा एन्कोड करणाऱ्याने + तसाच सोडला आणि टेस्टमधल्या डीकोडनेही तसाच ठेवला. पास! प्रत्यक्षात मात्र डीकोड करणारा तिसराच कोणीतरी असतो. तेव्हा तक्त्यात तीन रकाने ठेवा: मूळ मजकूर, लिंकमध्ये तो कसा दिसला पाहिजे, आणि सर्व्हरला शेवटी काय मिळालं पाहिजे. मधला रकाना हाताने भरायचा. प्रोग्रामकडून काढून घेतलात तर त्याचीच चूक तुमच्या तक्त्यात उतरेल.

मधल्या रकान्यासाठी पाठ करण्यासारखे थोडेच आहेत. स्पेस %२०, + %२बी, & %२६, # %२३, % %२५, / %२एफ, ? %३एफ, = %३डी. एका ओळीत एकच अक्षर घ्या, सगळी एकदम कोंबू नका. फुटलं तर कुणामुळे ते कळत नाही. # ची ओळ सर्व्हरच्या लॉगमध्ये बघा. उघड्या # च्या पुढचं काहीच सर्व्हरपर्यंत जात नाही, त्यामुळे चूक दिसतही नाही, नुसता पत्ता अर्धा होतो.

आणि एक ओळ अशी ठेवा की मूळ मजकूरच "%२०" हा आहे. म्हणजे कुणीतरी शोधाच्या चौकटीत खरंच टक्का, दोन, शून्य असं टाइप केलं. लिंकमध्ये %२५२० दिसलं पाहिजे आणि सर्व्हरला पुन्हा "%२०" मिळालं पाहिजे. तिथे स्पेस मिळाली तर कुठेतरी दोनदा डीकोड होतंय.

दुसऱ्या भानगडीसाठी मला दोन्ही लिंकांमधला तो तुकडा हवा. आहे तसा टाका.

टंकवाली कऱ्हाड

दादा, %२६ चा अंदाज शंभर टक्के खरा निघाला. त्याने हातानेच घातलं होतं. विचारल्यावर हसला. बोलणं सुरू झालं, आभारी आहे.

मी त्याला माझ्या भाषेत समजावलं: लग्नपत्रिकेच्या पाकिटात आहेराचं पाकीट ठेवलंय, बाहेरचं उघडणाऱ्याने आतलंही फोडलं.

हे घ्या तुकडे. फरक "क" च्या नंतर आहे, म्हणून तेवढाच भाग देते.

टाइप केलेलं: %ई०%ए४%बी१ %ई०%ए५%८डी, मग ह.
यादीतलं: %ई०%ए४%बी० %ई०%ए५%८डी %ई२%८०%८डी, मग ह.

(मधल्या जागा मी वाचण्यासाठी सोडल्या आहेत.)

गावांची यादी एका जुन्या फॉण्टमधल्या फाइलवरून युनिकोडमध्ये रूपांतर करून आली आहे, एवढं मला माहीत आहे. रूपांतर मी केलेलं नाही!

घाटमाथा

मिळालं. हा आपल्या मराठीचाच चिमटा आहे.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटचं. प्रत्येक बाइट लिंकमध्ये % आणि दोन अक्षरं, म्हणजे चिन्हामागे नऊ. कऱ्हाडमध्ये क, ऱ, हलन्त, ह, काना, ड अशी सहा चिन्हं. सहा नवे चोपन्न. तुमच्या यादीत सात आहेत, म्हणून त्रेसष्ट.

टाइप करणाऱ्याने इनस्क्रिप्टवर "ऱ" ही स्वतंत्र कळ दाबली, तोच %बी१. यादीत साधा र (%बी०), हलन्त, आणि त्यानंतर न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. तोच %ई२%८०%८डी. पडद्यावर दोन्हींनी तीच चंद्रकोरीसारखी अर्धी र येते. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये साधी बरोबरी बाइट न् बाइट बघते, तिला चंद्रकोर दिसत नाही.

तिसराही प्रकार आहे: र, खाली नुक्ता (टिंब), मग हलन्त. तोही त्रेसष्टच भरेल, तेव्हा नुसत्या लांबीवर जाऊ नका. हा तिसरा युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (समान मानलेली वेगवेगळी रूपं एका रूपात आणायची ठरलेली रीत) आपोआप पहिल्यासारखा होतो. जोडकवाला मात्र होत नाही. युनिकोडच्या लेखी ती दोन रूपं समान नाहीतच. त्यामुळे डेव्हलपर "एनएफसी लावलं, झालं" म्हणाला तर मान डोलवू नका.

जुनं लोखंड

घाटमाथा यांनी बहुतेक सगळं सांगितलंय. पण "दोनदा एन्कोड" बद्दल थोडी भर घालतो, नाहीतर नवीन पोरं ते वाचून सगळीकडे दोनदा करत सुटतील. आरएफसी ३९८६ स्पष्ट सांगतो की तीच स्ट्रिंग एकापेक्षा जास्त वेळा एन्कोड किंवा डीकोड करू नका. इथे दोनदा चालतं कारण लिंका दोन आहेत. एकच लिंक असेल तर एकदाच.

डीकोड दोनदा केल्याने काय होतं ते मी नोकरीच्या सुरुवातीलाच बघितलंय. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस वेब सर्व्हरमध्ये एक भोक सापडलं. स्लॅश सरळ लिहिला तर सर्व्हर अडवायचा, पण %सी०%एएफ असा वाकड्या बाइटमध्ये लिहिला की पहारेकरी ओळखायचा नाही आणि आतला माणूस ओळखायचा. त्या वाटेने वेब फोल्डरच्या बाहेरच्या फाइली गाठता यायच्या. २००१ च्या मे महिन्यात त्याच सर्व्हरमध्ये त्या भोकाचा जुळा भाऊ सापडला: %२५५सी. एकदा उलगडलं की %५सी, तपासणी पास. मग पुन्हा एकदा उलगडलं की उलटा स्लॅश. सप्टेंबर २००१ मध्ये निमडा नावाचा किडा ही दोन्ही भोकं वापरत जगभर फिरला. त्या आठवड्यात मी दोन रात्री ऑफिसात झोपलो होतो, घरच्यांना अजून खरं वाटत नाही.

तेव्हा तक्त्यात थोड्या "वाईट" ओळीही असू द्या. नुसता % शेवटी. % आणि एकच अक्षर. % नंतर हेक्समध्ये नसलेली अक्षरं, झेडझेड वगैरे. आणि देवनागरीसाठी खास: तीन बाइटपैकी शेवटचा कापलेला, %ई०%ए४ वर थांबलेला. मराठी लिंका लांब होतात आणि कुठेतरी कोणीतरी शंभर किंवा दोनशे पंचावन्न अक्षरांवर कापतंच. त्यामुळे हे कल्पनेतलं नाही, रोज घडणारं आहे.

या ओळींचं "बरोबर उत्तर" भाषेगणिक बदलतं. जावास्क्रिप्टचं डीकोडयूआरआयकंपोनंट चूक दिसली की थेट यूआरआयएरर फेकतं. जावाचा यूआरएलडीकोडर अर्धवट % दिसला की अपवाद फेकतो, तुटक्या बाइटवर मात्र फेकत नाही. पायथॉनचं अनकोट अर्धवट % तसाच ठेवतं आणि तुटक्या बाइटच्या जागी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह घालतं. तुम्ही तपासायचं ते एवढंच की पान कोरं पडत नाही, सर्व्हर ५०० (आत बिघाड झाल्याची खूण) देत नाही, आणि माणसाला वाचता येईल असं काहीतरी दिसतं.

अजून एक. %ई० आणि रोमन लहान लिपीत लिहिलेला तोच %ई० हे नियमाने एकच. तुलना करताना दोन्ही मोठ्या लिपीत करून घ्या, नाहीतर तक्ता विनाकारण लाल होईल.

बुद्रुक बाबू

मात्रा खाणारं स्लग (नावावरून बनवलेला लिंकमधला तुकडा) कुणी सांगितलं नाही वाटतं. आमच्या साइटवर गावाच्या नावाचं स्लग बनवायला पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायची सोय) "वर्ड कॅरॅक्टर" वापरला होता. त्यात देवनागरी अक्षरं बसतात, पण मात्रा आणि हलन्त बसत नाहीत. युनिकोडच्या दृष्टीने ती अक्षरं नाहीत, खुणा आहेत. रेठरे बुद्रुकचं झालं "रठर-बदरक". सहा महिने तसंच होतं, गुगलमध्येही तसंच यायचं. अंक मात्र सगळे चालतात: पायथॉनमध्ये "अंक" च्या नमुन्याला १२ सुद्धा चालतो आणि त्याचा आकडाही बरोबर होतो. जावास्क्रिप्टमध्ये तोच १२ आकडाच नाही. म्हणून पान क्रमांक देवनागरीत टाकून एक ओळ ठेवाच.

नांगरट

मी जमिनीच्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. आमच्याकडे गट नंबरच ४५/२ असा. पाथमध्ये टाकला की स्लॅशने दोन तुकडे. %२एफ केलं तर अपाची हा वेब सर्व्हर मुळातच नाकारतो, ४०४ (पान सापडलं नाही) देतो. ती परवानगी वेगळी चालू करावी लागते. शेवटी क्वेरीत हलवला. आणि "बु." ने संपणारी लिंक मेसेजमध्ये टाकून बघा. बरीच ॲप्स शेवटचा टिंब वाक्याचा पूर्णविराम समजून लिंकच्या बाहेर ठेवतात.

टंकवाली कऱ्हाड

आठवडा गेला, उशिरा लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं तक्त्यात घातलं. सत्तर ओळी झाल्या आहेत. एक्सेलने आधी त्रास दिला: + ने सुरू होणारा चौकोन त्याला सूत्र वाटतं. सगळा रकाना आधी "मजकूर" करून घ्यावा लागला. सीएसव्ही करून उघडली तर गावांची नावं गेली आणि प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए. काहींच्या मागे चार पायांची गोल खूण, काहींच्या मागे जपानी येन. मी घाबरले, मग तेच निरखत बसले. ह्रस्व इकारापर्यंतच्या चिन्हांना गोल खूण, दीर्घ ईकारापासून पुढच्यांना येन. %ए४ आणि %ए५! घाटमाथादादांचे बाइट मला एक्सेलच्या कचऱ्यात दिसले. आता कुठेही तो कचरा दिसला की कळतं, यूटीएफ-८ कुणीतरी दुसरंच समजून वाचलंय.

काय काय सापडलं ते सांगते.

बी+ सुटला. बटणाच्या लिंकमध्ये आता बी%२५२बी आहे आणि कऱ्हाडचे नव्वद भरतात. मेसेजमध्ये लिंक टक्क्यांची दिसते, त्यावर साहेब नाराज आहेत. मी म्हटलं, सुंदर दिसायला हवं की रक्त मिळायला हवं.

तुटक्या बाइटच्या ओळीवर मोबाइलवर कोरं पांढरं पान आलं, अगदी लोखंडकाका म्हणाले तसं. आता "लिंक अर्धवट आली आहे, पुन्हा मागवा" असं येतं. ते वाक्य मी लिहिलंय.

"%२०" च्या ओळीने मात्र वेगळंच काढलं. सर्व्हर ठीक होता. शोधाच्या चौकटीत आधीचा शोध परत दाखवताना पानावरच दुसऱ्यांदा डीकोड होत होतं. कुणी "१००%" शोधलं की पान पडायचं. रक्तदात्यांच्या यादीत १००% कोण शोधेल, असं डेव्हलपर म्हणाला. म्हटलं, कुणीतरी शोधेलच, मी अठरा वर्षं "१००% सूट" छापलंय.

आता कऱ्हाड. इथे आमचं चांगलंच भांडण झालं. त्याने उपाय काढला: न दिसणारी सगळी चिन्हं, तो जोडक वगैरे, येणाऱ्या मजकुरातून सरसकट उडवायची. माझ्या अंगावर काटा आला. र, हलन्त, जोडक यातला जोडक नुसता उडवला तर मागे र, हलन्त, ह उरतं. त्याची चंद्रकोर होत नाही, रफार होतो. "कर्हाड" असं काहीतरी उगवतं आणि ऱ शी तरीही जुळत नाही. त्याला पटेना. मग कागदावर लिहून दिलं: "आचाऱ्यांना" आणि "आचार्यांना". एकात स्वयंपाकी, एकात गुरुजी. पत्रिकेत एकदा हे उलट छापलं गेलं होतं, त्याचं काय झालं ते वेगळ्या धाग्यात सांगेन. "दऱ्या" आणि "दर्या" ही लिहिलं. दऱ्या डोंगरात, दर्या कोकणात. मग शांत बसून म्हणाला, "म्हणजे उडवायचं नाही, बदलायचं." बरोबर! र, हलन्त, जोडक हे तिन्ही एकत्र दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. त्याआधी एनएफसी, म्हणजे नुक्तावालाही सरळ होतो. हे लिंक वाचताना, नोंदणी करताना आणि जुन्या यादीवर एकदा, तिन्हीकडे. शिवाय यादीत "कराड" हे नावही त्याच गावाला जोडून घेतलं, कारण रेल्वेच्या पाटीवर तेच आहे आणि लोक तसंही टाइप करतात.

नांगरट यांचा टिंब खरा निघाला. रेठरे बु. ची लिंक मेसेजमध्ये शेवटचा टिंब बाहेर टाकत होती. आम्ही लिंकमधला क्रम बदलला. आधी गाव, मग गट. गट शेवटी आला की शेवटी टिंब येतच नाही.

एक ओळ अजून लाल आहे. जुन्या यादीत काही गावांपुढे "बु॥" आहे, दोन उभ्या दंडांचं, सरकारी कागदावर असतं तसं. कुणी ते दंड म्हणून टाइप केलंय, कुणी कीबोर्डवरच्या साध्या उभ्या रेघा दोनदा दाबल्यात, आणि एका ठिकाणी तर दोन रोमन एल आहेत. दंडाचे नऊ, साध्या रेघांचे सहा, एलचे दोनच. हे तिन्ही एक करायचे की यादीच हाताने साफ करायची? यादी चारशेच्या आसपास नावांची आहे.

घाटमाथा

चारशेच असतील तर हाताने साफ करा. बदलाचा नियम लिहायला बसलात तर एखाद्या गावाचे खरे एल खाल. आणि आचाऱ्यांच्या पत्रिकेचा तो धागा कधी काढताय?